दम का भरतो? हृदयाच्या आत पाहण्याची दोनशे वर्षांची गोष्ट

  आज आम्ही इतिहासातली एक गोष्ट सांगणार आहोत. ही गोष्ट राजाराणीची नाही. आपल्या छातीत मुठीएवढं जे हृदय आहे, त्याच्या आत काय चाललंय हे माणसाला कसं कसं कळत गेलं, त्याची ही गोष्ट आहे.

ही गोष्ट आजच का? कारण गटाच्या बैठकीत एक वाक्य आपण वारंवार ऐकतो, "बाई, दम भरते." रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकून काम करताना, पाण्याची गुंडी उचलताना, कधी तर घरातल्या घरात चालतानाही. आणि लगेच कोणीतरी उत्तर देते, "अशक्तपणा असेल," "वय झालं आता," "बाळंतपणानंतर असंच होते." पुष्कळदा ते खरंही असतं. रक्त कमी असलं तरी दम लागतो. पण काही जणींच्या बाबतीत दुखणं हृदयाच्या स्नायूत असतं, आणि ते वेळेवर कळलं नाही तर बाई हातची जाते.

आधी एक फरक समजून घेऊ. शेतातला मोटार पंप डोळ्यांसमोर आणा. पाइपात कचरा अडकला की पाणी थांबतं. हृदयालाच रक्त पुरवणारी नळी अशी अडली, की त्याला आपण हार्ट अटॅक म्हणतो. दुसरा बिघाड वेगळा. पाइप मोकळा आहे, पण मोटारच थकली, पाणी पुरेसं ओढत नाही. हृदयाचा स्नायू असा दुबळा, फुगलेला, जाड किंवा कडक झाला, की शरीराला लागेल तेवढं रक्त तो पुढे ढकलू शकत नाही. डॉक्टर याला हार्ट फेल्युअर म्हणतात. नाव ऐकून भीती वाटते, पण याचा अर्थ हृदय बंद पडलं असा नाही. हृदय कमी पडतंय, असा त्याचा अर्थ. मग पाणी साचतं, पायांवर सूज येते, आडवं झालं की श्वास कोंडतो.

आता ही मोटार छातीच्या पिंजऱ्यात बंद. उघडून पाहायची सोय नाही. मग कळायचं कसं?

पहिली पायरी कान. १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रने लॅनेक नावाच्या डॉक्टरांकडे एक तरुण बाई आली. लक्षणं हृदयाच्या आजाराची होती. त्या काळी डॉक्टर रुग्णाच्या छातीला थेट कान लावून ऐकत. पण परक्या तरुण बाईच्या छातीला कान लावायचा कसा? लॅनेकनी कागद घेतले, त्यांची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं आणि दुसऱ्याला आपला कान लावला. आणि काय आश्चर्य, ठोके आधीपेक्षा स्पष्ट ऐकू आले! डॉक्टरांच्या गळ्यातला स्टेथोस्कोप असा जन्माला आला. म्हणजे बाईच्या लाजेतून एक रस्ता निघाला. आपल्याकडे अजूनही कितीतरी बाया लाजेपोटी छातीची तपासणी टाळतात. त्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

दुसरी पायरी सावली. १८९५ साली जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांना एक्स-रे सापडला. त्यांनी काढलेल्या पहिल्यावहिल्या चित्रांत त्यांच्या बायकोचा हात आहे. हाडं दिसतात आणि बोटातली अंगठी दिसते. एक्स-रेमुळे हृदय फुगलंय का, फुप्फुसात पाणी आहे का हे कळू लागलं. पण ती सावलीच. आतला स्नायू कसा आहे ते सावली सांगत नाही.

तिसरी पायरी वीज. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बारीकशी वीज वाहते. हॉलंडमधल्या लायडन गावचे विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती कागदावर उतरवली. रुग्णाचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसवावं लागे, आणि यंत्र एवढं अवजड की ते चालवायलाच कित्येक माणसं लागत. तोच आपला ईसीजी. आता तो पिशवीत मावतो. या कामासाठी आइंटहोवेन यांना १९२४ साली नोबेल पुरस्कार मिळाला.

चौथी पायरी आवाज. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड गावात इंगे एडलर नावाचे डॉक्टर आणि हेलमुट हर्ट्झ नावाचे भौतिकशास्त्रज्ञ एकत्र आले. जहाजाच्या कारखान्यात लोखंडाला आतून चीर गेली का हे पाहायचं आवाजाचं यंत्र होतं. ते त्यांनी मागून आणलं आणि हृदयावर लावलं. हृदयाची भिंत हलताना दिसली. यालाच आपण इको म्हणतो. पोटातल्या बाळाची सोनोग्राफी तुम्हाला ठाऊकच आहे. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

याच काळात आपल्या महाराष्ट्रातही मोठं धाडस झालं. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. जगातलं पहिलं हृदयरोपण दक्षिण आफ्रिकेत होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. मुंबईचा रुग्ण काही तासच जगला, पण भारतातले डॉक्टर कुठवर पोचले होते हे जगाला दिसलं. तरी एक गंमत पाहा. थकलेलं हृदय बदलायची हिंमत आली होती, पण जिवंत माणसाच्या हृदयाचा स्नायू आतून कशानं बिघडलाय, हे बाहेरून पाहायची सोय अजून नव्हती. त्यासाठी शिरेतून तार घालून स्नायूचा तुकडा काढावा लागे, नाहीतर माणूस गेल्यावर कळे.

नेमक्या त्याच वेळी बायकांच्या एका आजाराकडे डॉक्टरांचं नीट लक्ष गेलं. बाळंतपणाच्या आसपास काही धडधाकट बायांचं हृदय अचानक फुगतं आणि दुबळं होतं. डॉक्टरांनी हे फार आधीपासून पाहिलं होतं, पण त्याची व्याख्या पक्की नव्हती. १९७१ साली अमेरिकेतल्या शिकागोमधले जॉन डेमाकिस आणि मुंबईत जन्मलेले शहाबुद्दीन रहीमतुल्ला यांनी अशा बायांचा अभ्यास मांडला आणि आजाराची खूण ठरवून दिली: गरोदरपणाचा शेवटचा महिना ते बाळंतपणानंतरचे पाच महिने, आणि हृदय बिघडायला दुसरं कुठलंही कारण सापडत नाही. हा पाच महिन्यांचा काळ लक्षात ठेवा. बाळंतीण "दम लागते, झोपता येत नाही, पाय सुजले" म्हणाली, तर "बाळंतपणात असं होतंच" म्हणून सोडून देऊ नका. वेळेवर औषध मिळालं तर यातल्या अनेकजणींचं हृदय पुन्हा सावरतं. फक्त पुढचं मूल होऊ द्यायचं की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

आता येऊ पाचव्या पायरीवर, एमआरआयवर. आपण रेडिओवर बोलतोय, म्हणून ही पायरी आपल्याला जवळची आहे. एमआरआय म्हणजे एक प्रकारे शरीराचा रेडिओच.

आपलं शरीर बरंचसं पाण्याचं. पाण्यात हायड्रोजनचे कण असतात आणि ते बारक्या लोहचुंबकासारखे वागतात. माणसाला मोठ्या चुंबकात झोपवलं की हे कण एका रांगेत येऊ पाहतात. मग त्यांच्यावर रेडिओच्या लहरी सोडायच्या. कण डचमळतात, आणि लहरी थांबवल्या की परत जागेवर येताना स्वतःही बारीक रेडिओ लहरी सोडतात. यंत्र त्या ऐकतं आणि त्यावरून चित्र बांधतं. नेहमीच्या एमआरआय यंत्राचं चुंबक १.५ टेस्लाचं असतं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकशक्तीच्या सुमारे ३० हजार पट. आणि त्याच्या लहरी असतात सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या. आपला एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर वाजतो. म्हणजे आपल्या रेडिओच्या शेजारच्या गल्लीतच एमआरआय राहतो! यात एक्स-रेसारखे किरण नसतात.

हायड्रोजनचे कण असे उत्तर देतात हे १९४६ पासून माहीत होतं. त्यातून चित्र कसं काढायचं हे १९७३ साली अमेरिकेतले पॉल लॉटरबर यांनी दाखवलं. पहिलं चित्र होतं दोन बारीक नळ्यांतल्या पाण्याचं. १९७७ साली रेमंड डमेडियन यांनी जिवंत माणसाच्या छातीचं चित्र काढलं. त्या एका चित्राला जवळजवळ पाच तास लागले. इंग्लंडचे पीटर मॅन्सफिल्ड यांनी हे काम झपाट्यानं करायची रीत काढली. लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल मिळालं. भारतात पहिलं एमआरआय यंत्र १९८६ साली दिल्लीत बसलं.

हृदयाचं चित्र काढणं मात्र सगळ्यात अवघड. डोकं, गुडघा स्थिर राहतात, हृदय काही थांबत नाही. हलत्या पाळण्यातल्या लेकराचा फोटो काढायला गेलं तर तो पुसटच येणार. यावर तोड निघाली ती ईसीजीची. छातीवर ईसीजीच्या पट्ट्या लावायच्या आणि प्रत्येक ठोक्याच्या ठरावीक क्षणालाच टिपायचं. शिवाय रुग्णाला मधूनमधून श्वास रोखायला सांगायचं. बघा, पाचवी पायरी तिसऱ्या पायरीच्या खांद्यावर उभी आहे.

आणि इथं आपल्या भंडाऱ्याचा धागा येतो. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीजच्या खाणी आपल्याला माहीत आहेत. तिथलं मॅंगनीज पोलादात जातं, बॅटरीच्या सेलमध्ये जातं. त्याच मॅंगनीजचा क्षार १९७८ साली लॉटरबर, मारिया हेलेना मेंडोंसा डायस आणि त्यांच्या सहकाऱ्याने कुत्र्यांवरच्या प्रयोगात वापरला. हृदयाचा मेलेला भाग आणि चांगला भाग त्यामुळे वेगवेगळा ओळखता आला. पण मॅंगनीजचा साधा क्षार शिरेतून देणं हृदयालाच घातक. म्हणून पुढे गॅडोलिनियम नावाच्या दुसऱ्या धातूचं सुरक्षित बांधलेलं औषध आलं. ते १९८८ पासून माणसांत वापरात आहे.

हे औषध शिरेतून देऊन थोडा वेळ थांबलं, की चांगल्या स्नायूतून ते निघून जातं आणि जिथे व्रण आहे तिथे रेंगाळतं. चित्रात व्रण पांढरा चमकतो. २००० साली शिकागोच्या रेमंड किम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की व्रण जितका खोल, तितकी तो भाग बायपासनंतर पुन्हा जोर धरण्याची आशा कमी. २००३ साली लंडनच्या डॉक्टरांनी पुढची गोष्ट दाखवली. हृदय फुगलेल्या रुग्णांत, नळी अडल्यामुळे झालेला व्रण भिंतीच्या आतल्या अंगानं असतो. स्नायूच्याच आजारात तो बहुधा नसतो, किंवा भिंतीच्या मधोमध असतो. म्हणजे पाइपचा बिघाड की मोटारचा, हे छाती न उघडता कळू लागलं. आणि उपचार त्यावरच ठरतो.

आपल्या विदर्भासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. आपल्या भागात सिकलसेल आहे हे आपल्याला सांगायला नको. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ सालीच मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं होतं. ज्या सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या लेकरांना वरचेवर रक्त चढवावं लागतं, त्यांच्या शरीरात लोह साचत जातं, आणि ते हृदयात साचलं तर हृदय थकतं. रक्ताच्या तपासणीवरून हृदयातलं लोह नीट कळत नाही. २००१ साली लंडनच्या डॉक्टरांनी एमआरआयने ते मोजायची पद्धत मांडली. लोह वेळेवर दिसलं तर ते काढून टाकायची औषधं वाढवता येतात. पूर्वी थॅलेसेमियाची मुलं मुख्यतः हृदय थकूनच जात. इंग्लंडमध्ये ही मोजणी सुरू झाल्यावर ते मृत्यू बरेच घटले.

दुसरी गोष्ट घराण्याची. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतले डॉ. थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली जगाला सांगितलं, की हृदयाच्या स्नायूच्या एका जनुकातला दोष आपल्या उपखंडात शंभरातल्या सुमारे चार जणांत असतो. तो असला म्हणजे आजार होतोच असं नाही, पण वय वाढेल तसा हृदय थकण्याचा धोका वाढतो. म्हणून घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, कोणाचं हृदय फुगलेलं किंवा जाड झालेलं असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगायचं. माहेरचंही सांगायचं. सासरी आल्यावर आपण माहेरची दुखणी विसरतो, पण रक्त तर माहेरचंच असतं.

आता कामाचं बोलू. एमआरआय ही शेवटची पायरी आहे, पहिली नाही. दम लागला म्हणून कोणी थेट नागपूर गाठून एमआरआय करायची गरज नाही. आधी बीपी, रक्तातलं हिमोग्लोबिन, डॉक्टरांनी छाती ऐकणं, मग ईसीजी, एक्स-रे, इको. बहुतेकांचं निदान इथेच होतं. इकोमध्ये हृदय दुबळं दिसलं, पण कशामुळे ते उलगडलं नाही, की मग डॉक्टर हृदयाचा एमआरआय सांगतात. तो प्रत्येक एमआरआय केंद्रात होत नाही, त्यासाठी वेगळी सोय आणि शिकलेले डॉक्टर लागतात. म्हणून जाण्याआधी फोन करून "हृदयाचा एमआरआय होतो का" असंच विचारा. खर्चाचं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. कर्ज काढायचं की नाही ते त्यानंतर.

चुंबकाच्या खोलीत जाताना लोखंड अंगावर नको, सोबतही नको. ते चुंबक दिवसरात्र चालूच असतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात नातेवाइकासोबत आलेला एक तरुण ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला. चुंबकानं सिलिंडरसकट त्याला ओढून घेतलं आणि त्याचा जीव गेला. म्हणून साडीची पिन, केसांचे आकडे, जोडवी, बांगड्या, मंगळसूत्र सगळं बाहेर काढून ठेवायचं. मंगळसूत्र तासाभरासाठी काढलं म्हणून काही अशुभ होत नाही. ते पदराच्या गाठीत बांधून आत नेऊ नका, सोबतच्या बाईच्या हाती द्या. तांबी बसवलेली असेल, अंगात सळई, पेसमेकर असेल, मोठं गोंदण असेल, तर आधी सांगा. तांबी असली तरी सहसा तपासणी होते, पण सांगायचं हे नक्की. किडनीचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील तर तेही सांगा, कारण मग गॅडोलिनियमचं औषध द्यायचं की नाही हे डॉक्टर विचार करून ठरवतात. आत यंत्र ठकठक मोठ्यानं वाजतं, कानाला बोळे देतात. तासभर पडून राहावं लागतं. घाबरल्यासारखं झालं तर दाबायला हातात घंटी असते.

कागदाच्या सुरळीपासून रेडिओ लहरींपर्यंत यायला दोनशे वर्षं लागली. पण एवढी यंत्रं असूनही त्यांच्यापर्यंत आपली बाई पोचते ती फक्त एका गोष्टीनं. "मला दम लागतो" हे तिनं म्हणायला हवं आणि कोणीतरी ते ऐकायला हवं. पॅरिसच्या त्या तरुण बाईचं नाव आज कोणाला माहीत नाही. पण ती दवाखान्यात गेली, म्हणून स्टेथोस्कोप आला.

तर पुढच्या बैठकीत बचत मोजून झाली, रजिस्टरवर सह्या झाल्या, की एक प्रश्न सगळ्यांत फिरवा. कोणाला रात्री झोपताना उशाला दोन-तीन उशा घ्याव्या लागतात? कोणाची झोप श्वास कोंडून मोडते? कोणाचे पाय संध्याकाळी सुजतात? घरात बाळंतीण असेल, सिकलसेलचं लेकरू असेल, तर त्यांच्याबद्दलही विचारा. जिनं हात वर केला, तिला त्याच आठवड्यात आशाताईबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. एकटी पाठवू नका, गटातली एक जण सोबत जा. आणि बसल्या जागीच दम कोंडत असेल, छातीत कळ येत असेल, तर बैठकीची वाट पाहू नका, १०८ ला फोन लावा.

तब्येतीला जपा बहिणींनो. नमस्कार.